एचआयव्हीची ट्रायल: कोकणातून शोधायची कशी, निभवायची कशी

एचआयव्हीच्या औषधाची किंवा लशीची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवर होणारी चाचणी, शोधायला मोबाईलवर अर्धा तास पुरतो. अवघड आहे ते त्यापुढचं. ठरलेल्या तारखेला, भर जुलैतसुद्धा, पुण्याला किंवा मुंबईला पोचायचं आणि घरी, वाडीत 'परत कुठे निघालास?' या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचं. कोकणातून ट्रायलमध्ये जायचं असेल तर पात्रता तपासण्याआधी या दोन गोष्टींचा हिशोब करावा. तो जमत नसेल तर ट्रायल कितीही चांगली असली तरी नाव न नोंदवलेलं बरं.

आधी एक खुलासा. ट्रायल म्हणजे उपचाराचा पर्याय नव्हे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सरकारी केंद्रावर २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी फोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी निदान झाल्याबरोबर गोळ्या चालू करायचं धोरण आहे. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकत्र असलेली रोजची एक गोळी बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, उत्तम दाबून ठेवते. त्यामुळे 'ट्रायल मिळेपर्यंत थांबतो' हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. गोळ्या आधी, ट्रायल नंतर.

कोणत्या प्रकारची ट्रायल, ते आधी ठरवा

एचआयव्हीच्या सगळ्या ट्रायल बाधितांसाठी नसतात. लशीच्या आणि प्रतिबंधक औषधाच्या ट्रायलना एचआयव्ही निगेटिव्ह माणसं लागतात. काहींना जोडपी लागतात, ज्यांत एक बाधित आणि दुसरा नाही. एचपीटीएन ०५२ ही गाजलेली ट्रायल अशीच होती. तिच्यात १,७६३ जोडपी होती, पुणे आणि चेन्नईतलीही. बाधित जोडीदाराला लवकर गोळ्या दिल्या तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असं २०११ मध्ये तिच्यातून दिसलं.

बाधितांसाठीच्या ट्रायलमध्येही फरक आहेत. काही कधीच गोळ्या न घेतलेल्यांसाठी असतात, काही गोळ्या चालू असून लोड दबलेल्यांसाठी, काही औषध लागू न पडणाऱ्यांसाठी, काही टीबी किंवा हेपॅटायटिस सोबत असलेल्यांसाठी. काहींचा विषाणूशी थेट संबंधच नसतो. रिप्रीव्ह नावाच्या ट्रायलमध्ये ४० ते ७५ वर्षांच्या, एआरटी चालू असलेल्या ७,७६९ जणांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी किंवा तिच्यासारखी दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली होती. भारतातले रुग्णही त्यात होते. औषधाच्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारखे गंभीर त्रास सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं.

हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण 'प्लासिबो', म्हणजे अशी बिनऔषधाची गोळी, म्हटलं की माणूस घाबरतो. इथे प्लासिबो मिळालेल्यांचीही एआरटी चालूच होती; चाचणी होती ती वरच्या जादा गोळीची. एचआयव्हीवरच्या उपचाराच्या ट्रायलमध्ये नवीन औषधाची तुलना सहसा चालू असलेल्या चांगल्या औषधाशी करतात. अपवाद आहे तो विषाणू कायमचा घालवता येतो का हे पाहणाऱ्या काही ट्रायलचा. तिथे देखरेखीखाली गोळ्या मुद्दाम थांबवतात. गोळ्या थांबल्या की बहुतेकांचा लोड दोन ते चार आठवड्यांत वर येतो. म्हणजे वारंवार रक्ततपासणी आली. तपासणीच्या गावापासून रात्रभराच्या अंतरावर राहणाऱ्याने असल्या ट्रायलच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शोध कुठे आणि कसा

भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया. लोक तिला सीटीआरआय म्हणतात. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ती २००७ मध्ये सुरू केली. १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस भरती होण्याआधीच नोंद व्हावी लागते. ही वेबसाइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही, पण इंग्रजीत आहे. इंग्रजीची अडचण असेल तर एआरटी सेंटरच्या काउन्सेलरला सोबत बसवून बघा.

शोधाच्या चौकटीत एचआयव्ही ही इंग्रजी अक्षरं टाकली की ढीगभर नावं येतात. त्यात फसू नका. कॅन्सरपासून गुडघेदुखीपर्यंतच्या असंख्य ट्रायलमध्ये 'एचआयव्हीबाधित चालणार नाहीत' अशी अट असते आणि तेवढ्या उल्लेखावरूनही नाव यादीत येऊ शकतं. म्हणून प्रत्येक नोंद उघडल्यावर आधी 'हेल्थ कंडिशन'चा रकाना बघायचा. तिथे एचआयव्हीचं नाव किंवा बी २० ते बी २४ यातला आजाराचा कोड असेल तर पुढे वाचायचं. दुसरी चाळणी प्रकाराची. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही तिथे नोंदलेले असतात, नुसते सर्व्हेही असतात. त्यांत वाईट काही नाही, पण औषध मिळेल या आशेने फोन केलात तर निराशा होईल.

मग भरतीची स्थिती. भारतासाठीचा आणि जगासाठीचा रकाना वेगळा असतो, भारताचा बघा. 'ओपन टू रिक्रूटमेंट' म्हणजे भरती चालू, 'नॉट येट' म्हणजे अजून सुरू व्हायची, 'क्लोज्ड' म्हणजे संपली. हा रकाना वेळेवर बदललेला असतोच असं नाही, तेव्हा फोन केल्याशिवाय विश्वास ठेवू नये. त्याखाली केंद्रांची यादी असते. ट्रायल 'भारतात' आहे म्हणून आनंद होतो आणि यादीत फक्त चेन्नई निघतं.

कोकणकरासाठी बहुतेक वेळा पुणे आणि मुंबई या दोनच दिशा. भोसरीची आयसीएमआरची संस्था एचआयव्हीच्या संशोधनासाठीच १९९२ मध्ये उभी राहिली. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून 'नारी'च (नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट) आहे. पुण्यातच बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने बरीच वर्षं ट्रायल चालतात. मुंबईत मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांची नावं नोंदींमध्ये शोधावीत. आंतरराष्ट्रीय ट्रायलसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही आहे. तिथे देश म्हणून भारत निवडता येतो. दोन्हीकडे बघा, कारण केंद्रांचा तपशील कधी एकीकडे जास्त ताजा असतो.

मोबाईल चालवणं जमत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची चौकशी करता येते. रत्नागिरी, ओरोस, अलिबागच्या सिव्हिलमधल्या एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना सरळ विचारलं तरी चालतं. ट्रायलवाले पुष्कळदा एआरटी सेंटरच्या ओळखीतूनच माणसं शोधतात.

खोटी ट्रायल ओळखणं

नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. वेबसाइटवर तो टाकून नोंद निघाली पाहिजे आणि तिच्यात एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या समितीची, मंजुरी दिसली पाहिजे. नवीन औषध असेल तर ड्रग्ज कंट्रोलरची मंजुरीही. एवढं जुळलं नाही तर फोन ठेवून द्या. ट्रायलमधलं औषध आणि तपासण्या यांचे पैसे भाग घेणाऱ्याकडून मागत नाहीत. 'नोंदणी फी दहा हजार' म्हणणारा ठगच. 'सहा महिन्यांत एड्स मुळापासून बरा' अशी जाहिरात करणं तर कायद्याने बंद आहे. औषध नियमांच्या परिशिष्ट जे मध्ये, ज्या आजारांवर इलाजाचा दावा करताच येत नाही त्या यादीत एड्स आहे. काढा देणारा पहिली अट घालतो ती एआरटी बंद करण्याची. खरा संशोधक तसं लेखी माहितीपत्रकाशिवाय कधीच सांगणार नाही.

पहिला फोन

नोंदीत जनतेच्या चौकशीसाठी एका व्यक्तीचं नाव, फोन आणि ईमेल दिलेला असतो. पहिल्या फोनवर नाव-गाव सांगायची गरज नाही. वय, गोळ्या कधीपासून, शेवटचा लोड किती, टीबी झालेला का, एवढ्यावर प्राथमिक उत्तर मिळतं. घरात एकच मोबाईल असेल तर उलट फोन कधी चालेल, मेसेजमध्ये आजाराचं नाव नको, हे तेव्हाच सांगून टाका. मग तुमचे प्रश्न विचारा. एकूण किती फेऱ्या? पहिल्या महिन्यात किती? प्रत्येक तारखेला मागे-पुढे किती दिवसांची मुभा? भाडं त्याच दिवशी रोख मिळतं की नंतर खात्यात? मुक्काम करावा लागला तर त्याचा खर्च कोण देतं?

यातला मुभेचा प्रश्न कोकणासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन वर्षांच्या ट्रायलमध्ये सुरुवातीला दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्याला आणि पुढे दर बारा आठवड्यांनी बोलावतात, असा साधारण क्रम असतो. कॅलेंडर घेऊन बसा आणि पावसाळ्यात येणाऱ्या तारखांवर खूण करा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. आंबा, कुंभार्ली, गगनबावडा, आंबोली यांपैकी कुठला घाट कधी दरडीने बंद होईल सांगता येत नाही. अलिबागकरांच्या मांडव्याच्या लाँच पावसात बंद असतात. आणि गणपतीत परतीचं तिकीट मिळवणं हा निराळाच पराक्रम. मच्छीमारांना जून-जुलैची मासेमारी बंदी उलट सोयीची, पण नेमके तेच पावसाचे महिने. आंबा बागायतदाराला एप्रिल-मे नको. मुभा तीनच दिवसांची असेल तर आदल्या दिवशी पोचून मुक्काम करायची तयारी हवी.

गोळीची फेरी चुकली तर केंद्रावरून चार दिवसांच्या गोळ्या जास्त देऊन भागतं. दोन महिन्यांनी घ्यायच्या लांब मुदतीच्या इंजेक्शनची तारीख चुकणं वेगळं. औषधाची पातळी रक्तात हळूहळू उतरत जाते, विषाणूला दाबायला अपुरी आणि औषधाचा प्रतिकार शिकवायला पुरेशी. एकदा प्रतिकार तयार झाला की त्या गटातली औषधं हातची जातात. इंजेक्शनच्या ट्रायलमध्ये जाताना 'रस्ता बंद झाला तर कोणत्या गोळ्या, किती दिवस' याची पिशवी आणि लेखी सूचना मिळणार का, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

स्क्रीनिंगला, म्हणजे पात्रतेच्या तपासणीला, जाताना

एआरटीचं पुस्तक किंवा कार्ड, व्हायरल लोड आणि सीडी फोरचे जुने रिपोर्ट, टीबीच्या औषधांची नोंद, हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट, चालू असलेल्या इतर औषधांची पाकिटं आणि ओळखपत्र न्या. जुने रिपोर्ट नसतील तर सेंटरवरून आधी नक्कल घ्या. पुण्याला पोचल्यावर ओरोसला फोन करून ते मिळत नाहीत.

लोक नापास होतात त्याची कारणं बहुधा तीच ती असतात. सरकारी कार्यक्रमात लोड हजाराच्या आत असला की 'दबलेला' धरतात. औषध बदलून पाहणाऱ्या ट्रायलना तो बहुधा ५० च्या आत लागतो. म्हणजे ३०० चा रिपोर्ट सेंटरवर चालतो आणि ट्रायलमध्ये अडकतो. अशा वेळी आधी गोळ्या कशा घेताय ते तपासा. डोल्युटेग्रॅविरच्या सोबतच लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध घेतलं तर ते पोटात नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्रॅविर अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं.

दुसरं कारण यकृत आणि किडनीचे आकडे. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो, मलेरिया, डेंग्यू असतोच. तापातून उठून आठवड्यात गेलात तर आकडे वर निघतात. तापानंतर महिनाभर थांबून तारीख घ्या. दारू आधीपासून थांबवा. कुणी दिलेला काढा, चूर्ण चालू असेल तर लपवू नका. हेपॅटायटिस बी असलेल्यांना टेनोफोविर नसलेल्या औषधांच्या ट्रायलमधून वगळतात. त्यात अन्याय नाही. टेनोफोविर दोन्ही विषाणूंना दाबतं, ते काढलं तर यकृताचा आजार उसळतो.

आणि 'कधीच गोळ्या न घेतलेले' या गटात बसण्यासाठी गोळ्या बंद करून जाणं, हे तर अजिबात नको. सेंटरच्या नोंदीत तुमचा नंबर असतो, खोटं उघडं पडतं. तोवर लोड वर आलेला असतो.

संमती: इथे घाई नको

माहितीपत्रक मराठीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून ते वाचून दाखवावं लागतं. सही त्याच दिवशी करायची सक्ती नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार बाधित व्यक्तीवर संशोधन तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. नव्या औषधांच्या काही ट्रायलमध्ये संमतीचं व्हिडिओ चित्रण करतात, पण २०१९ च्या औषधचाचणी नियमांत एचआयव्हीच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग सांगितलं आहे. चेहरा टिपायला कुणी कॅमेरा लावला तर नियमावर बोट ठेवून नाही म्हणा.

संमतीपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं लिहावं लागतं. उत्पन्न बघून बिचकू नका, तो नियमाचाच रकाना आहे. नॉमिनी मात्र विचारपूर्वक ठरवा. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्याला मिळते, म्हणजे त्या वेळी ट्रायल कशाची होती हे त्याला कळणार. घरात ज्याला आजार ठाऊक आहे त्याचं नाव घाला. कुणालाच ठाऊक नसेल तर आधी काउन्सेलरशी बोला. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र नियमांतच आहे: ८ लाख रुपये मूळ रक्कम, तिला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा गुणक. ट्रायल चालू असताना इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात.

सही केलेली प्रत आणि माहितीपत्रक तुम्हाला द्यावंच लागतं. घरी कपाटात ठेवणं धोक्याचं वाटत असेल तर एआरटी सेंटरच्या फाइलमध्ये लावून ठेवा. 'माझं नको, तुमच्याकडेच राहू दे' म्हणून प्रत सोडून येऊ नका. भांडण झालं तर तोच कागद कामाला येतो. एथिक्स कमिटीचा फोन त्यावर असतो. गुप्तता फुटली, भेदभाव झाला तर राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

लशीच्या ट्रायलमध्ये जाणाऱ्या निगेटिव्ह माणसाने आणखी एक गोष्ट तोलावी. लशीमुळे अंगात अँटिबॉडी (विषाणूशी लढणारी प्रथिनं) तयार होतात आणि साध्या एचआयव्ही टेस्टमध्ये संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतं. रत्नागिरी-रायगडातून आखातात नोकरीला जाणारे पुष्कळ, बोटीवर जाणारेही कमी नाहीत. आखातातल्या व्हिसाच्या मेडिकलमध्ये ही टेस्ट असते. असा बेत असेल तर लशीची ट्रायल टाळावी. निदान फरक दाखवणारी तपासणी आणि पत्र ट्रायल संपल्यानंतरही मिळेल, हे लेखी घ्या.

चालू असताना आणि संपताना

एआरटी सेंटरला न सांगता ट्रायलमध्ये गेलात तर तिथे तुम्ही 'गळालेले' ठरता आणि कार्यकर्ते पत्ता शोधत वाडीवर येतात. नेमकं जे टाळायचं तेच घडतं. म्हणून आधी सांगा आणि औषध ट्रायलकडून मिळणार की सेंटरकडूनच, हे कागदावर ठरवून घ्या. दोन्हीकडून गोळ्या घेऊ नका.

ट्रायलचं कार्ड पाकिटात ठेवा. गावी ताप आला, अपघात झाला, सिव्हिलमध्ये दाखल झालात तर त्याच दिवशी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन जायला हवा. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत त्यांना वर कळवावी लागते, आणि उशिरा कळलेल्या दुखण्याचा ट्रायलशी संबंध जोडणं नंतर कठीण होतं. गर्भ राहिल्याची शंका आली तरी लगेच सांगा. तिकिटं जपा, एसटीत महिलांना अर्धं भाडं लागतं, तेवढंच परत मिळतं.

मधूनच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं. सरकारी गोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. फक्त गुपचूप जाणं बंद करू नका. औषध कोणत्या दिवशी थांबवायचं आणि नेहमीची गोळी कोणत्या दिवशी सुरू करायची, हे ठरवून मगच निघा.

शेवटच्या फेरीत तीन कागद मागून घ्या: शेवटचा व्हायरल लोड, ट्रायलमध्ये कोणती औषधं कधीपासून कधीपर्यंत घेतली याचं पत्र, आणि पुढच्या उपचाराची शिफारस. तुम्ही कोणत्या गटात होतात हे तेव्हा सांगता येत नसेल, तर ते कधी आणि कुणाकडून कळेल हे लिहून घ्या. हातात किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या असल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका. पोचल्यावर त्याच आठवड्यात तिन्ही कागद एआरटी सेंटरला नेऊन द्या आणि जुना नंबर पुन्हा चालू झाला याची नोंद पुस्तकात करून घ्या.